बेळगाव सीमाभागातून घाट उतरून किनाऱ्यापर्यंत सायकलनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, कोल्हापूर, गोवा आणि खुद्द बेळगाव-खानापूर-निपाणीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अंतरं बेळगाव शहरातून मोजलेली आणि ढोबळ आहेत. एका गोष्टीचं उत्तर एकदाच दिलं आहे. बाकी ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिलाय, तिथे जाऊन वाचा.

१. सायकल नवीन, मीही नवीन. पहिल्या रविवारी कुठं जाऊ?

पश्चिमेला. हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीपर्यंत जा. पंधरा किलोमीटरच्या आसपास कर्नाटक संपतं आणि कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका लागतो. रस्ता हलक्या चढउताराचा आहे, दोन्ही बाजूंना भाताची शेतं आहेत. शिनोळीत चहा घेऊन परत फिरलात तरी पहिल्या दिवसाला पुरेसं आहे. पायांत जोर उरला असेल तर देवरवाडीच्या वैजनाथापर्यंत आणि तिथून वर महिपाळगडावर जा. गडावर आजही गाव नांदतंय. शेवटचा चढ तीव्र आहे, पुढे घाट करायचे असतील तर तो चांगली परीक्षा घेतो.

दुसरा रविवार बेळगाव-जांबोटी-खानापूर-बेळगाव या फेरीला द्या, साधारण ७० ते ७५ किलोमीटर. वेळ कमी असेल तर बेळगुंदीवरून राकसकोप जलाशय. मार्कंडेय नदीवरच्या याच जलाशयाचं पाणी शहराच्या नळाला येतं. येळ्ळूरचा राजहंसगडही सकाळच्या दोन-तीन तासांत होतो.

२. राज्याची हद्द ओलांडताना परवाना, टोल, तपासणी असं काही असतं का?

सायकलला काहीच नाही. नोंदणी नाही, टोल नाही, प्रवेश पावती नाही. कणकुंबी, केरी, मोले, आंबोली या बाजूंना अबकारी, पोलीस किंवा वन खात्याचे नाके लागतात. हात केला तर थांबा, विचारलं तर सांगा, पुढे जा. ओळखपत्र जवळ ठेवा, मुक्कामाला तरी ते लागतंच.

या भागात कागदावरची हद्द सायकलवाल्याचं काही अडवत नाही. कस लागतो तो घाटमाथ्याच्या कडेला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि किनारा शून्यावर. हा फरक पश्चिमेच्या दहा-वीस किलोमीटरांच्या पट्ट्यात एकदम संपतो. पाणी कुठे मिळणार, अंधार कुठे गाठणार, परत कसं येणार, हे सगळं त्या कडेवरून ठरतं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीभोवती आहेत.

३. बेळगावहून समुद्र गाठायचे रस्ते कुठले? पहिल्यांदा कुठला धरू?

नेहमीचे तीन. पहिला जांबोटी-कणकुंबी-चोर्लावरून साखळी आणि पुढे पणजी, सुमारे ११० किलोमीटर. दुसरा चंदगड-आंबोलीवरून सावंतवाडी आणि वेंगुर्ला, सुमारे १२० किलोमीटर. तिसरा खानापूर-लोंढा-अनमोडवरून मोले, फोंडा आणि पणजी. हा सगळ्यांत लांब, आणि त्यावर ट्रकही जास्त. याशिवाय जोयडा-अणशीवरून कारवारला उतरता येतं, पण तो रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि एका दिवसाच्या हिशेबात बसत नाही. निपाणीच्या माणसांनी बेळगावला यायची गरजच नाही. राधानगरी-फोंडाघाटवरून देवगडला जाणारा रस्ता त्यांच्या दारातून निघतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आंबोलीच सांगतो. गावं आणि चहाच्या टपऱ्या ठरावीक अंतरानं येतात, चंदगडला सगळं मिळतं, आणि घाटाचा उतार सौम्य आहे. याचं कारण इतिहासात आहे. ब्रिटिशांच्या काळात बेळगावच्या लष्करी ठाण्याला माल वेंगुर्ला बंदरावरून यायचा. आधीची वाट रामघाटाची, छातीवर येणारी. नंतर आंबोलीचा रस्ता बैलगाड्यांसाठी आखला गेला. भरलेली गाडी बैलाला ओढता येईल एवढाच चढ ठेवायचा होता, त्यामुळे वळणं लांब आणि चढ एकसारखा. बैलाला जमलेला तो चढ आज सायकलवाल्यालाही जमतो.

४. चोर्ला खरंच एवढा अवघड आहे का? फोटोत तर नुसता उतार दिसतो.

जाताना अवघड नाहीच, आणि तिथेच माणूस फसतो. बेळगावातून निघालात की पिरनवाडी, किणये, जांबोटीपर्यंत आरामाचा रस्ता. जांबोटीनंतर जंगल दाट होतं, रस्ता वरखाली करत कणकुंबीला पोचतो. बेळगाव आणि चोर्ल्याची उंची जवळपास सारखीच असल्यामुळे मोठा चढ असा लागतच नाही. मग हद्द आणि एकदम उतार. अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसू लागतं आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही केरीत असता.

परतीला तेच सगळं उलटं. केरीपासून माथ्यापर्यंत सातशे मीटरच्या आसपास चढ, आणि तो सकाळी लवकर सुरू केला नाही तर उन्हात. माथा आला म्हणजे संपलं असंही नाही, पन्नासहून जास्त किलोमीटर उरलेले असतात आणि चोर्ला ते जांबोटी मधे दुकानं फार थोडी. म्हणून त्याच दिवशी परत येणार असाल तर केरीत दोन्ही बाटल्या भरा, खायला बरोबर घ्या, आणि दुपारी बाराच्या आत माथ्यावर असा. शनिवारी सकाळी गोव्याकडे आणि रविवारी संध्याकाळी बेळगावकडे गाड्यांची रांग असते. चोर्ल्याला शक्यतो मधल्या वारी जा.

उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा आळीपाळीनं वापरा, वळणाआधी वेग कमी करा, वळणात नको. जांबोटी ते कणकुंबी हा पट्टा पावसाळ्यानंतर दरवेळी उखडलेला असतो, टायर तसे निवडा (प्रश्न १२).

कणकुंबीत थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. मलप्रभेचा उगम इथल्या देवळापाशी आहे. ते पाणी पूर्वेला जातं, सौंदत्तीजवळच्या धरणात अडतं, कुडलसंगमला कृष्णेत मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. त्याच गावाजवळचा कळसा नाला मात्र म्हादईकडे उतरतो, म्हणजे पणजीच्या मांडवीकडे. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून चाललेल्या ज्या कळसा-भांडुरा वादाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, तो समजून घ्यायला कणकुंबीत सायकलवरून उतरून दोन्ही बाजूंना पाहणं पुरतं.

५. आंबोलीतून उतरावं की चढावं?

दोन्ही करा, पण निवडायचंच असेल तर चढा. चढ दाणोलीपासून सुरू होतो आणि आंबोलीला, जवळपास ६९० मीटरवर संपतो. सावली भरपूर आहे आणि चढ एकसारखा, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितलंय. पहाटे सावंतवाडी सोडलीत तर नाश्त्याला आंबोली. तिथून चंदगडमार्गे बेळगाव आणखी ६५ ते ७० किलोमीटर, बहुतेक उतरता-चढता. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी मात्र मुख्य धबधब्यापाशी गाड्या आणि माणसं एवढी असतात की सायकल हातात धरून चालावं लागतं.

६. नकाशात तिलारी घाट सगळ्यांत जवळचा दिसतो. तिथून का नको?

अंतर कमी आहे कारण रस्ता सरळ खाली पडतो. जलविद्युत प्रकल्पासाठी केलेला हा घाट सात-आठ किलोमीटरांत संपतो, वळणं हातभर आणि उतार इतका की अवजड गाड्यांवर इथे बंदी घालावी लागली आहे. डिस्क ब्रेक, कोरडा रस्ता आणि घाटांचा अनुभव हे तिन्ही असेल तर उतरा, दोडामार्गमार्गे डिचोली-म्हापसा जवळ पडतं. चढायला जाणार असाल तर काही ठिकाणी सायकल ढकलावी लागेल हे धरून चाला. लहान मुलं बरोबर असतील, किंवा सामान लादलेली सायकल असेल, तर दोन्ही दिशांना नको.

त्याच बाजूला पारगड आहे. शिवकालापासून वस्ती असलेला गड, तानाजी मालुसऱ्यांच्या वंशजांची घरं तिथे आहेत. घाट न उतरता चंदगडहून पारगड आणि परत, हा माझ्या मते तालुक्यातला सगळ्यांत सुंदर रस्ता.

७. खानापूरहून हेम्माडगामार्गे अनमोडला जाणारा जवळचा रस्ता ॲप दाखवतं. तो चालेल का?

तो भीमगड अभयारण्यातून जातो. २०११ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे. दिवसा, डांबरी रस्त्यावरून, न थांबता जाणं वेगळं आणि आतल्या गवळी, कृष्णापूर, तळेवाडी अशा वस्त्यांच्या कच्च्या वाटांवर घुसणं वेगळं. आतल्या वाटांना वन खात्याची परवानगी लागते. नाक्यावर विचारून जा आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्यांना आदल्या रात्रीची माहिती असते. फोनला रेंज नसते आणि मधे पंक्चरवाला नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लोंढा-रामनगरचा मोठा रस्ताच धरावा. अनमोड उतरल्यावर वेळ असेल तर मोल्याहून तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराकडे वळा. कदंबकालीन काळ्या दगडाचं ते देऊळ जंगलात एकटं उभं आहे. खानापूर तालुक्यातलं हलशी ही त्याच कदंबांची जुनी राजधानी, तिथलं भूवराह नृसिंहाचं देऊळ बेळगावहून एका दिवसात होतं.

८. चोर्ला उतरून, किनारा धरून, आंबोलीतून वर अशी फेरी होईल का?

होते, आणि या भागात एकच मोठी फेरी करायची असेल तर हीच. जवळपास ३०० किलोमीटर, तीन दिवस.

पहिला दिवस बेळगाव, चोर्ला, साखळी, डिचोली, म्हापसा आणि जमेल तसं पेडणे तालुक्यात मांद्रे-हरमलपर्यंत. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवा: केरी, तेरेखोल, रेडी, शिरोडा, आरवली, मोचेमाड, वेंगुर्ला, आणि अंगात असेल तर सावंतवाडी. तिसऱ्या दिवशी आंबोली चढून चंदगड, शिनोळी, बेळगाव. दुसरा दिवस लहान ठेवला नाही तर तिसऱ्या दिवशी चंदगडनंतर पाय बोलू लागतात.

एक काळजी घ्या. गोव्यात केरी नावाची एकाहून जास्त गावं आहेत. चोर्ल्याच्या पायथ्याची केरी सत्तरी तालुक्यात, तेरेखोलच्या फेरीबोटीची केरी पेडण्यात. ॲपमध्ये नुसतं केरी टाकलंत तर भलतीकडे जाल. फेरीबोट सुरू आहे का हे आदल्या दिवशी स्थानिकांना विचारा. ती बंद असेल तर किरणपाणी-आरोंदा पुलावरून शिरोड्याला निघता येतं, थोडं आत वळावं लागतं एवढंच.

९. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, नाही का?

अजिबात नाही. दर खाडीला उतार, खाडी ओलांडली की चढ. प्रत्येक चढ छोटा असतो पण तीव्र असतो, आणि ते संपता संपत नाहीत. वेंगुर्ला ते शिरोडा वीसच किलोमीटर, तरी देशावरच्या वीस किलोमीटरांच्या हिशेबानं वेळ काढू नका. वर दमट हवा. घाम वाळत नाही, त्यामुळे तहान लागायच्या आधी पाणी प्या.

त्या बदल्यात रस्ता शांत मिळतो, कारण मोठी वाहतूक आतून मुंबई-गोवा महामार्गानं जाते. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. वि. स. खांडेकर याच गावात शिक्षक होते. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. लांबून सायकल मारत आलेल्या माणसानं तिथे दोन मिनिटं टेकायलाच हवं.

१०. कुठल्या महिन्यात जावं? पावसाळ्यात घाट बघायचे आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी जांबोटी-चंदगड भागात चांगलीच थंडी असते, हातमोजे घ्या. मार्चपासून किनारा तापतो.

पावसाचं गणित आधी समजून घ्या. बेळगावात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत ७ हजारांच्या घरात. बेळगावात भुरभुर असते तेव्हा घाटमाथ्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जाताना तोंडावर. दरडी येतात, झाडं पडतात, शेवाळानं रस्त्याची कड निसरडी होते, आणि मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. पावसाचा आनंद घ्यायचाच असेल तर घाट न उतरता चंदगड किंवा जांबोटीपर्यंत जा, दिवसाही मागचा लाल दिवा लावा. धबधब्यांवर जायला खानापूर तालुक्यात आणि गोव्यात पावसाळ्यात बंदी येत असते, ती पाळा. सप्टेंबरचा शेवट हा माझा आवडता काळ: पाऊस ओसरलेला, धबधबे वाहते, भात पोटरीला आलेलं.

११. हंगामानुसार रस्त्यावर आणखी काय असतं?

ऊस. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की चंदगड, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, गडहिंग्लज सगळीकडे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक सुरू होते. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही. ट्रॉलीच्या शेजारून घुसायचं नाही. मोकळा रस्ता दिसला तरच पूर्ण बाहेरून पुढे जा. अंधार पडल्यावर या पट्ट्यात सायकल चालवू नका असंच मी सांगेन.

सुगीत नाचणी, कुळीथ डांबरी रस्त्यावर मळणीला पसरलेलं असतं. त्यावरून वळू नका, चाक सरकतं, आणि धान्य एखाद्याच्या वर्षाचं आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्यांनी पूर्वेकडचे रस्ते भरतात.

१२. कुठली सायकल चालेल? रोड बाइकच हवी का?

गिअरची कुठलीही सुस्थितीतली सायकल चालेल. रोड बाइक असेल तर मागे निदान ३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, त्यातलं सगळ्यांत मोठं ३२ दातांचं) आणि २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर. २३ चे टायर घेऊन जांबोटी-कणकुंबीवर जाऊ नका. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेन लिंक, आणि ब्रेकची नवी जोडी. पंक्चर काढणारे सगळीकडे आहेत, पण ते मोटारसायकलचे; बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबला त्यांचा पंप बसत नाही. अडॅप्टर दहा-वीस रुपयांचा असतो, पिशवीत टाका.

१३. वाटेत खायला काय मिळतं?

भरपूर, फक्त घाटाच्या पट्ट्यात नाही. बेळगाव बाजूला इडली-वडा, पुरीभाजी. घाटाखाली उसळ-पाव, घावणे, सोलकढी, कोकम सरबत. खिशात ठेवायला गोकाकचा करदंट उत्तम: डिंक, सुकं खोबरं, सुकामेवा आणि गूळ. वितळत नाही, चुरा होत नाही, आणि विकतच्या एनर्जी बारपेक्षा कितीतरी चविष्ट. बेळगावचा कुंदा मात्र घरी पोचल्यावर खा. उन्हात मिठाचं ताक किंवा ओआरएस.

१४. मला कन्नड येत नाही. अडेल का?

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग यांत मराठीवर सगळं भागतं. टपरीवर "कुठनं यायलाय?" असा प्रश्न आला की गप्पा सुरू. जसजसे पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडे जाल तसतसं कन्नड लागतं. चार शब्द पाठ करा: पाणी नीरु, जेवण ऊट, रस्ता दारी, आणि किती लांब याला एष्टु दूर. तुटकं बोललात तरी माणसं आपुलकीनं उत्तर देतात, नको असताना ताकाचा तांब्या पुढे करतात. ग्रामीण भागात काही फलकांवर आणि बसवर आकडेही कन्नडमध्ये असतात, एक ते दहा ओळखायला शिकून घ्या.

१५. घाट नकोच. पूर्वेला काही आहे का?

आहे, आणि लोक विनाकारण टाळतात. सुळेभावी-अंकलगीमार्गे गोकाक धबधबा ६० किलोमीटरच्या आसपास. काळी जमीन, ज्वारी, लांब सरळ रस्ते, झाडं कमी. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली पडते. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत याच घटप्रभेला मिळते, तेव्हा घाटात अंगावर घेतलेला पाऊस तुम्हाला इथे पुन्हा भेटतो. धबधबा पाहायचा तर जुलै ते सप्टेंबर. वर हिडकल धरण असल्यामुळे उन्हाळ्यात नुसता कातळ दिसतो. मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबाही त्याच दिवसात होतो. जाताना टोपी आणि पाणी जास्त घ्या, सावली नाही.

१६. गवे, हत्ती, कुत्री?

गवे चंदगड, आजरा, आंबोली, जांबोटी सगळीकडे आहेत, पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. एक दिसला की मागे आणखी आहेत असं समजून थांबा, अंतर ठेवा, कळप जाऊ द्या, घंटी वाजवू नका. हत्ती या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून चंदगड-दोडामार्गकडे आले आणि राहिले. वाटेत गावकरी "पुढं हत्ती हाय" म्हणाले तर परत फिरा, दुसरा विचार करू नका. कुत्री मागे लागली तर उतरून सायकल मधे धरून चाला, बहुतेक वेळा तिथेच थांबतात. चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सहल नंतर पूर्ण करता येते.

१७. माकडताप म्हणजे काय? घाबरायला हवं का?

घाबरू नका, पण माहिती हवी. हा गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या दशकात सत्तरी आणि दोडामार्ग भागातही रुग्ण सापडले. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आपला सायकलचा हंगाम. डांबरी रस्त्यावर धोका फारसा नाही. पालापाचोळ्यात बसणं, झाडाखाली आडवं होणं, मेलेल्या माकडाजवळ जाणं टाळा. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का पाहा, कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या आठवडाभरात एकदम जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलातून आल्याचं आवर्जून सांगा.

१८. येताना सायकल बस किंवा रेल्वेनं आणता येईल का?

रेल्वेनं आणायची असेल तर मडगाव किंवा वास्को-लोंढा-बेळगाव या मार्गावर. सायकल लगेज म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते. गाडीच्या किमान तासभर आधी पोचा. गाडी दोनच मिनिटं थांबते अशा छोट्या स्टेशनवर सायकल चढवू देतीलच असं नाही. सावंतवाडीहून बेळगावला थेट रेल्वे नाही.

बसचं ठरलेलं काही नाही. टपावर कॅरिअर असेल, वाहक तयार असतील, तर होतं. चाकं काढून पिशवीत घातलेली सायकल लवकर घेतली जाते. शेवटचा उपाय म्हणून चंदगड किंवा सावंतवाडीत छोटा टेम्पो ठरवा, चार जणांत वाटला तर परवडतो.

१९. एका दिवसात बेळगाव-वेंगुर्ला-बेळगाव जमेल?

अडीचशे किलोमीटरच्या जवळ, शेवटी आंबोलीचा चढ. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, सपाटावरच्या किंवा डोंगरातल्या २०० किलोमीटरला साडेतेरा तासच मिळतात, त्यावरून अंदाज घ्या. हिवाळ्यात उजेड अकरा-साडेअकरा तासांचा, म्हणजे चंदगड-शिनोळी पट्टा ऊसाच्या ट्रॉल्यांमध्ये अंधारात येणार. दोनशेची ब्रेव्हे आरामात पुरी केलेली असेल, चांगले दिवे असतील, आणि सोबत असेल, तरच. नाहीतर वेंगुर्ल्याला मुक्काम करा, मासे खा.

२०. आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. काही वेगळी काळजी?

आंबोली मार्ग निवडा, चोर्ल्याचा सुनसान पट्टा दुसऱ्या खेपेला. स्वच्छतागृहं हा खरा प्रश्न असतो. मोठे पेट्रोल पंप, चंदगड-आंबोलीतली हॉटेलं आणि देवस्थानं इथे सोय होते, घाटात नाही; त्या हिशेबानं थांबे ठरवा. मुक्काम आधी ठरवून ठेवा, अंधाराच्या आत पोचा, आणि घरच्यांना फोनवरून सतत ठिकाण दिसेल असं करा. गावातल्या बायकांशी बोलत जा. कुठली वाट टाळायची हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

२१. घाटात अपघात झाला तर फोन कुणाला? मी नेमका कुठल्या राज्यात आहे हेच कळत नाही.

११२ तिन्ही राज्यांत चालतो, १०८ रुग्णवाहिकाही तिन्हीकडे आहे. पण हद्दीजवळ तुमचा फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो, आणि कॉल तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून पहिल्या वाक्यात राज्य, जवळचं गाव आणि मैलाच्या दगडावरचा आकडा सांगा. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग. घाट सुरू होताना दगड वाचायची सवय लावा. रेंज नसेल तर येणाऱ्या गाडीला थांबवून तिच्यासोबत निरोप पाठवा. माथ्यावर काही झालं तर बेळगाव, अर्ध्याहून खाली असाल तर गोव्याच्या किंवा सावंतवाडीच्या बाजूचं रुग्णालय. जखमीला घेऊन पुन्हा घाट चढण्यात वेळ घालवू नका, ओळखीचं रुग्णालय वर आहे म्हणूनसुद्धा.

२२. सीमाप्रश्न तापला की काय करायचं?

बातम्या बघून निघा. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो, आणि १९५६ च्या त्याच दिवशी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला म्हणून मराठी माणसं काळा दिन पाळतात. त्या दिवशी शहरात मिरवणुका, फेऱ्या, बंदोबस्त. मधून सायकल काढणं टाळा, बाहेरच्या रस्त्यानं निघा. तणाव वाढला की दोन्हीकडच्या बस कधीकधी हद्दीपर्यंतच धावतात, तेव्हा परतीचा भरवसा बसवर ठेवू नका (प्रश्न १८). सायकलला नंबर प्लेट नसते, आणि शिनोळी-बाचीसारख्या गावांतल्या माणसांचं शेत एका राज्यात, सोयरीक दुसऱ्या राज्यात असते. मला या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी कायम पाणीच विचारलं गेलंय.

२३. गोव्यातून येताना एखादी बाटली आणली तर चालते का? सायकल कोण तपासतं?

आणू नका. गोव्याची दारू विनापरवाना महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, वाहन कुठलं याच्याशी त्याचा संबंध नाही. नाक्यावर सायकलच्या पिशव्याही उघडायला सांगतात. काजू आणा.

२४. ई-सायकल घेऊन चोर्ला केला तर?

२५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आत मदत करणारी ई-सायकल मोटार वाहनात मोडत नाही, त्यामुळे प्रश्न २ चं उत्तर तिलाही लागू. अडचण बॅटरीची. केरी ते चोर्ला या चढात बॅटरी झपाट्यानं उतरते आणि माथ्यावर चार्जिंगची सोय धरून चालू नका. जाताना जांबोटीपर्यंत मोटर बंद ठेवा, साखळीत पूर्ण चार्ज करा, आणि परतीच्या चढात सगळ्यांत कमी मदतीवर चालवा. बॅटरी संपलेली ई-सायकल वीस-पंचवीस किलोची असते, आणि कणकुंबी ते जांबोटी ती नुसत्या पायांवर मारावी लागेल हे धरूनच निघा.